जुन्या '१० स्पीड' सायकलला चेन कुठली घ्यायची? आणि जोडायची कशी? (पडता पडता वाचलो)

खटारा८४ | रविवार, रात्री ११:१०

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून धागा काढतोय. मामाची जुनी रॅले आहे माझ्याकडे, त्याने १९८४ साली इंग्लंडहून परत येताना सामानात घालून आणलेली, खाली वळलेलं हँडल आणि गिअरचे खटके हँडलवर नाहीत तर फ्रेमच्या खालच्या दांडीवर. मामा गेल्यावर पोटमाळ्यावर पडून होती, मामी म्हणाली घेऊन जा बाबा, तो भंगारवाला रोज विचारून जातो. चेन गंजून काठी झालेली, म्हणजे वाकवली की वाकलेलीच राहायची.

फ्रेमवर स्टिकर आहे '१० स्पीड', म्हणून मी हौसेने ऑनलाइन १० स्पीडची चेन मागवली, चांगली महागातली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बसवून घेतली. आता तीन त्रास सुरू झालेत. पुढच्या मोठ्या चेनव्हीलवरून (पेडलजवळची दातेरी चकती) छोट्यावर आणताना चेन दोघांच्या मधल्या फटीत जाऊन बसते आणि पाय हवेत फिरतो, परवा सिग्नलला तोंडावर आपटलोच असतो. मग पेडलच्या साधारण दोन फेऱ्यांनंतर एकदा 'टक' असा आवाज येतो, अगदी ठेक्यात. आणि मागच्या सगळ्यात छोट्या चक्रीवर जोर लावला की चेन उडी मारते. दुकानदाराचं निदान: "साहेब, गाडी जुनी झाली, नवीन घ्या."

नवीन घेणार नाहीये. मदत करा.

ग्रीसहात | सोमवार, सकाळी ६:५०

स्टिकर विसरा. मागच्या चाकाजवळ खाली बसा आणि मागच्या चक्र्या मोजा. माझी पैज आहे, ५ निघतील.

त्या काळी '१० स्पीड' म्हणजे पुढे २ गुणिले मागे ५. आज दुकानात १० स्पीडची चेन मागितली तर ती मागेच १० चक्र्या असलेल्या सायकलची देतात. मागच्या चाकाला फ्रेममध्ये जागा साधारण तेवढीच राहिली आणि कंपन्या त्यात ५ च्या ६, ७, ८, ९, १० चक्र्या कोंबत गेल्या, म्हणून दोन चक्र्यांमधली फट कमी होत गेली आणि त्या फटीत मावायला चेन बाहेरून बारीक होत गेली. दोन पिनांमधलं अंतर मात्र सगळीकडे तेच, अर्धा इंच, १२.७ मिमी. म्हणून तर चुकीची चेन पण दात्यांवर छान बसते आणि आपल्याला वाटतं जमलं.

खटारा८४ | सोमवार, सकाळी ७:३५

५ च आहेत 🙈

सदाशिवपेठी | सोमवार, सकाळी ९:१५

स्टिकरवर विश्वास ठेवून खरेदी करणाऱ्यांसाठी आमच्याकडे एक पूल विकाऊ आहे.

ग्रीसहात | सोमवार, दुपारी १:२०

पेठेत हल्ली पूल पण विकतात का, बरं.

खटारा, जुनी चेन टाकून दिली नसशील तर कुणाकडून व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं हत्यार) आण आणि पिनची लांबी मोज, म्हणजे चेनच्या या बाजूच्या पिनच्या टोकापासून त्या बाजूच्या टोकापर्यंत. मग नवीनची मोज. ढोबळ मानाने ५-६-७ स्पीडच्या चेनचा पिन ७.३ मिमी ते ७.८ मिमी, ८ चा ७.१ च्या आसपास, ९ चा ६.६, आणि १० चा ६ च्या जरा खालीच. आतली रुंदी ८ स्पीडपर्यंत सगळ्यांची ३/३२ इंच धरतात, ९ पासून पुढे ती पण थोडी कमी होते.

तुझी पुढची दोन चेनव्हील जुन्या जाड चेनच्या हिशोबाने लांब लांब बसवलेली आहेत, त्या फटीत ६ मिमीची चेन आरामात उतरते. हवेत पाय फिरतो तो त्यामुळे.

खटारा८४ | सोमवार, रात्री १०:०५

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या पेटीतलं व्हर्निअर आणलं (परत देताना ग्रीस पुसून द्यायचं या अटीवर). जुनी ७.८, नवीन ५.९. जवळ जवळ दोन मिमीचा फरक! चार ठिकाणी मोजलं तरी तेच. मागच्या चक्र्यांचे दाते १४-१७-२०-२४-२८, पुढे ५२ आणि ४०.

म्हणजे महागाची चेन गेली पाण्यात. मग आता '५ स्पीड' लिहिलेली कुठे शोधू? ऑनलाइन तर दिसत नाहीये.

अबोली_नाशिक | सोमवार, रात्री १०:४०

दादा, '५ स्पीड' शोधत बसू नका, मी पण आठवडा घालवला होता त्यात. ज्यावर ६/७/८ स्पीड लिहिलंय ती घ्या. शिमानोची सीएन-एचजी४०, केएमसीची झेड८, यातली कुठलीही. मला हजाराच्या आत मिळाली होती. माझ्या ६ गिअरच्या जुन्या सायकलवर ८ वाली चेन तीन वर्षं चालतीये, उलट आधीपेक्षा गिअर पटकन पडतात कारण नवीन चेन आडवी जास्त वाकते आणि बाहेरच्या पट्ट्यांना कड्यांवर उतार दिलेला असतो, त्यामुळे दाते पटकन पकडतात.

ग्रीसहात | सोमवार, रात्री ११:००

अबोली म्हणते ते बरोबर. जुन्या ५-६-७ वर ८ स्पीडपर्यंतची बिनधास्त. ९ वाली पण बऱ्याच जणांची चालते, पण पैसे जास्त आणि पुढच्या फटीत अडकायची भीती परत आलीच, कशाला.

आणि उलट्या बाजूची चूक पण करू नका कुणी. साध्या बिनगिअरच्या सायकलची चेन १/८ इंची असते, ती स्वस्त मिळते म्हणून गिअरच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या गठ्ठ्यावर, चढवतात. बाहेरून ती इतकी जाड की शेजारच्या चक्रीला घासते. मी एकदा एक 'दुरुस्त' केलेली सायकल बघितली, तुटलेल्या ३/३२ चेनमध्ये मधेच सहा कड्या १/८ च्या घालून जोडलेल्या. दर फेरीला ते ठिगळ मागच्या गिअरच्या (चक्र्यांखाली लोंबतो आणि चेन हलवतो तो भाग) छोट्या चाकांतून जाताना असं कण्हायचं ना. मालकाला वाटायचं तेल कमी पडतंय.

कडूकडी | मंगळवार, सकाळी ८:१०

मी साठीचा आहे. आम्ही सगळ्या चेन खिळा, हातोडी आणि दगड यावर जोडल्या, पिन ठोकून काढायचा, तोच पिन परत ठोकून बसवायचा, एकही तुटली नाही. या धाग्यात उगाच रॉकेट सायन्स चाललंय.

ग्रीसहात | मंगळवार, सकाळी ११:३०

काका, तुमच्या चेनबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. जुन्या चेनचा पिन साधा सरळ, पट्टीच्या बाहेर जरा जास्त आलेला, आणि पट्टी त्याला आवळून बसलेली. तो ढकलला आणि परत आणला तरी पकड राहायची.

चेन बारीक व्हायला लागली तसा पिन बाहेर ठेवायला जागाच उरली नाही. मग कारखान्यात पिनची टोकं दाबून बोथट करतात, छत्रीसारखी, म्हणजे पट्टी निसटत नाही. तो पिन टूलने बाहेर ढकलला की छत्री पट्टीचं भोक खरवडत जाते. तोच परत बसवला तर दिसायला बसतो पण पकड गेलेली असते. म्हणून शिमानोवाले जोडायला वेगळा पिन देतात, पुढे टोकदार काडी असलेला, आत गेला की काडी पकडीने मोडून टाकायची. ६-७-८ चा काळा, ९ चा चंदेरी, आणि ते एकमेकांत चालत नाहीत कारण लांबी वेगळी.

तुमच्या पद्धतीने मी पण एकदा ८ स्पीडची चेन जोडली होती. कात्रज घाटात उभा राहून पेडल मारताना ती सुटली आणि गुडघा हँडलच्या बोल्टवर. पुढचे दोन महिने जिना बाजूबाजूने उतरत होतो.

कडूकडी | मंगळवार, दुपारी ४:४५

ठीक. गुडघ्याबद्दल वाईट वाटलं. आमच्याकडे उभं राहून पेडल मारायला घाट नव्हता, नगरची सपाटी.

खटारा८४ | मंगळवार, रात्री ९:२०

ग्रीसहात भाऊ, मग माझी 'टक'?

ग्रीसहात | मंगळवार, रात्री ९:५०

तुझ्या पेडलच्या दोन फेऱ्यांत काय होतं बघ. पुढे ५२ दाते, म्हणजे एका फेरीत ५२ कड्या पुढे सरकतात. चेन ११० च्या आसपास कड्यांची असणार. म्हणजे दोन फेऱ्या आणि थोडं वर, तेवढ्यात अख्खी चेन एकदा फिरून येते. याचा अर्थ टक करणारी कडी एकच आहे. सायकल उलटी कर किंवा टांग, पेडल हळूहळू मागे फिरव आणि मागच्या गिअरच्या दोन छोट्या चाकांकडे बघत राहा. एक कडी तिथून जाताना सरळ न होता उचकी मारेल. बहुतेक तिथेच दुकानदाराने कारखान्याचा पिन परत ठोकलाय.

खटारा८४ | मंगळवार, रात्री १०:३५

सापडली!! एक पिन एका बाजूने अर्धा मिमी जास्त बाहेर आलाय, बोटाला लागतो. आणि चेनसोबत आलेली क्विक लिंकची (पिन न ठोकता चेन जोडायची कडी) छोटी पिशवी दुकानदाराने मला न फोडता परत दिली होती, "हे एक्स्ट्रा आहे" म्हणून 😡

सदाशिवपेठी | मंगळवार, रात्री १०:४२

निदान परत तरी दिली. आमच्याकडे ती पण काउंटरवर राहते.

अबोली_नाशिक | बुधवार, सकाळी ७:०५

जुन्या सायकलला क्विक लिंकच बरी, घरी कधीही काढून धुता येते. केएमसी तिला मिसिंग लिंक म्हणते, स्रॅम पॉवरलिंक. दोन वेगळे अर्धे तुकडे, प्रत्येकाला एक पिन आणि एक किल्लीच्या भोकासारखी खाच. एक तुकडा पुढून, एक मागून घालायचा, चेन जरा ताणायची की पिन खाचेत सरकतो.

पण लिंक चेनच्याच मापाची हवी, ७.१ च्या चेनला ७.१ वालीच, पाकिटावर लिहिलेलं असतं. ७.३ वाली सैल बसते आणि ६.६ वाली बसतच नाही. आणि मी केलेली चूक सांगते: पिनने जोडायचं तर चेनचं एक टोक आतल्या कडीचं आणि दुसरं बाहेरच्या कडीचं लागतं, पण क्विक लिंक स्वतःच बाहेरची कडी असते, म्हणून तिच्यासाठी दोन्ही टोकं आतल्या, अरुंद कड्यांची हवीत. मी नवीकोरी चेन मापून कापली, तेल लावलं, सगळं झालं, आणि एक टोक बाहेरच्या कडीचं निघालं. एक कडी अजून कापली तर आखूड. रडायचंच बाकी होतं.

लिंक लागली की पेडल फिरवून ती वरच्या बाजूला आणायची, मागचा ब्रेक दाबायचा आणि पेडलवर जोर द्यायचा, 'कट' आवाज येतो. काढताना पकड नसेल तर बुटाची नाडी लिंकच्या दोन्ही बाजूच्या कड्यांत अडकवून आवळायची, निघते.

कोकणातला | बुधवार, दुपारी १२:३०

माझा प्रश्न वेगळा आहे पण घुसतो. वडिलांची हर्क्युलस, बिनगिअरची, पूर्ण चेनकव्हरची. चेनलॉकची ती मासोळीसारखी पत्ती दोनदा निघून पडली या पावसाळ्यात, दुसऱ्यांदा तर बाजाराच्या दिवशी, डोक्यावर पाऊस आणि कॅरिअरवर तांदळाची पिशवी. ही गिअरवाली क्विक लिंक लावू का तिथे?

परदेशीपेडल | बुधवार, संध्या. ६:१५

कोकणातला भाऊ, नाही, तुमची चेन १/८ ची, ती लिंक तिला अरुंद पडेल. पत्तीवालंच लॉक लावा पण दिशा बघा. पत्तीचं एक टोक बंद, गोल, आणि दुसरं फाटलेलं, माशाच्या शेपटीसारखं. चेन ज्या दिशेने धावते तिकडे बंद टोक, म्हणजे माशाचं तोंड पुढे. वरच्या बाजूला चेन पुढे धावते, तर वर असताना तोंड हँडलकडे. उलटं लावलं तर चेनकव्हरला कुठे घासलं की पत्ती शेपटीकडून सरकते आणि जाते. आणि पत्ती बाहेरच्या अंगाला लावा, म्हणजे कव्हरचं झाकण काढलं की दिसते.

मी नॉटिंगहॅमजवळ राहतो, इथे रॅलेचा कारखाना होता तो गेला, पण जुन्या ३ स्पीड सायकली अजून रस्त्यावर दिसतात. त्यांचे गिअर मागच्या हबच्या पोटात, बाहेर चक्री एकच, म्हणून त्यांना पण १/८ ची साधी चेन आणि हीच मासोळी चालते. '३ स्पीड' वाचून कुणी बारीक चेन घेऊ नका. सेन-रॅलेच्या आसनसोलच्या सायकली ज्यांच्या घरी असतील त्यांनी पण हेच.

कोकणातला | बुधवार, रात्री ८:००

माशाचं तोंड मागे होतं 😐 वर्षभर उलटा मासा घेऊन फिरलो.

खटारा८४ | शुक्रवार, रात्री ११:२५

अपडेट. झेड८ आणली. लांबीचा घोळ झाला होता, जुनी चेन नवीच्या शेजारी जमिनीवर अंथरली आणि तिथवर कापणार इतक्यात अबोलीचा मेसेज आला की लांबी मापू नका, कड्या मोजा. मोजल्या तर जुनीच्या १०८. आणि त्या १०८ नवीन १०८ पेक्षा एका कडीहून जरा जास्त लांब! म्हणजे अंथरून मापली असती तर एक कडी जास्त ठेवली असती. जुनी ताणून लांब झालेली.

ग्रीसहात | शनिवार, सकाळी ७:१५

ताणत नाही रे, पिन आणि भोकं झिजतात, प्रत्येक ठिकाणी केसभर, आणि शंभर ठिकाणचे केस मिळून एक कडी होते. तुझं चाललं कारण आधीच्या मालकाची लांबी बरोबर होती, पण तसं गृहीत धरायचं नाही. मागच्या गिअरमधून न घालता चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून गुंडाळायची, जिथे जुळते त्याच्यापुढे अजून एक इंच, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी सोडायची आणि तिथे कापायची. त्याहून आखूड झाली आणि चुकून मोठ्यावर मोठं पडलं तर मागचा गिअर फ्रेमसकट उपटून येतो.

आणि झीज मोजायची तर आपल्या ३० सेंमीच्या स्टीलच्या पट्टीवर पूर्ण १२ इंच मावत नाहीत, म्हणून इंग्रजी व्हिडिओतली १२ इंचाची पद्धत तिथे अडते. १० जोड्या मोजा, म्हणजे २० कड्या. नवीन चेनमध्ये पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत बरोबर २५४ मिमी. २५५ च्या पुढे गेली की नवीन चेन घरात आणून ठेवा, २५६ ला बदलाच. २५६.५ झाली म्हणजे एक टक्का, तोवर फ्रीव्हीलचे दाते पण तिच्या मापाचे होऊन बसतात.

खटारा८४ | शनिवार, दुपारी २:५०

तेच झालंय बहुतेक. जुनी मोजली, २५७ च्या वर. नवीन चेनने फट गेली, टक गेली, पण छोट्या १४ च्या चक्रीवर उडी मारते ती मारतेच.

ग्रीसहात | शनिवार, दुपारी ३:३०

हो, ते १४ चे दाते झिजून शार्कच्या पाठीवरच्या परासारखे झाले असतील, मामांनी सपाटीवर तोच गिअर वापरला असणार. फ्रीव्हील बदल. फक्त ५ चं शोध. शिमानोचं ६ चं सहज मिळतं, १४-२८ च, पण तुझ्या जुन्या फ्रेमची मागची जागा ५ च्या हिशोबाची, ६ चं लावलं तर छोट्या चक्रीवरची चेन फ्रेमला घासेल. जुन्या दुकानाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलेलं असतं एखादं.

अबोली_नाशिक | शनिवार, दुपारी ४:००

आणि ते जुनं फ्रीव्हील काढताना त्याच्या मधल्या भोकातल्या खाचा मोजून टूल आणा, उगाच छिन्नीने ठोकू नका. टूल शिकंज्यात धरायचं आणि अख्खं चाक बसच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं. माझ्या भावाने आणि मी दोघांनी मिळून फिरवलं तेव्हा सुटलं, शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या की काय पाडलं म्हणून.

खटारा८४ | पुढचा रविवार, रात्री ८:१५

मिळालं. तिसऱ्या दुकानात, आजोबांनी स्टूलवर चढून काढून दिलं, पुडक्यावर किंमत खोडून खोडून तीनदा बदललेली. शेवटची पण आजच्या मानाने फुकटच होती, त्यांनी तेवढीच घेतली. आज सकाळी सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत गेलो, १४ वर पूर्ण जोर लावून. एकही उडी नाही. मामीला फोटो पाठवला, तिने विचारलं घंटी का नाही वाजत.

घंटी बघतो आता. आणि एक जेमतेम वापरलेली १० स्पीड चेन आहे, एकच पिन ठोकलेला, तेवढी कडी कापली की ठणठणीत, सोबत न फोडलेली क्विक लिंक. कुणाच्या सायकलला मागे खरोखरच १० चक्र्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोजून.

सदाशिवपेठी | पुढचा रविवार, रात्री ८:२०

माझ्या स्टिकरवर १० लिहिलंय, चालेल का?